थोरल्या जावयाचं कॅव्हेट

माझ्या साडूला इंग्रजी येतं याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. इंग्रजी आता कुणालाही येतं. मला वाईट वाटलं ते त्याच्या इंग्रजीच्या पोटातून आणखी एक भाषा निघाली तेव्हा.

माझ्या सासऱ्यांची जमीन कर्जतकडून जामखेडला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. नांगराला दगड लागणारी, पावसावर सोडून दिलेली पट्टी. तिथं एका कंपनीला गोदाम बांधायचं होतं आणि त्यासाठी ती जागा लांबच्या मुदतीनं भाड्यानं हवी होती. कंपनीनं इंग्रजीत कराराचा मसुदा पाठवला. सासऱ्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. थोरली मला दिली, धाकटी नगरच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला. मसुदा आला तसं त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

मी निघालो तेव्हा माझ्या मनात काही शंकाच नव्हती. कंपनीशी बोलायला मीच बसणार. मी दहावीनंतर शाळेकडे फिरकलो नाही, पण बोलण्यावरच मोठा झालो. आधी आठवडी बाजारात बैलांचे सौदे केले, मग जुने ट्रॅक्टर घ्यायला-विकायला लागलो. आज रस्त्याला माझं स्वतःचं यार्ड आहे. समोरचा माणूस किती ताणणार आणि कुठं सोडणार, हे मला त्याच्या चप्पल काढण्यावरून कळतं. सासऱ्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा सौदा होता. मी त्यांचा थोरला जावई होतो.

सासऱ्यांनी कागदांची चळत साडूच्या हातात दिली. "वकीलसाहेब, तुमी बघा आन् तुमीच बोला त्यास्नी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, च्या घ्या."

त्या चहाची चव माझ्या जिभेवर अजून आहे.

साडू पानं उलटत होता आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. "इंटर अॅलिया... हं. प्रो राटा, ठीक आहे. म्युटॅटिस म्युटँडिस." मग चष्मा काढून म्हणाला, "स्टँडर्ड आहे मामा, काळजी नको." सासूबाई दाराशी पदर सावरून उभ्या होत्या, सत्यनारायणाचा अध्याय ऐकावा तशा. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, म्हणूनच त्या इतक्या आदरानं ऐकत होत्या. मी ट्रॅक्टरच्या इंजिनाबद्दल तासभर शुद्ध मराठीत बोललो तरी त्या भाकरी थापायला निघून जातात.

परत येताना मी बायकोला विचारलं, "हे मुटाटिस काय असतं गं?"

"मला काय म्हाईत? तुमी इचारायचं हुतं तिथंच."

"मी विचारणार? त्याला?"



बैलबाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. ज्याचा बैल असतो तो शेतकरी कासरा धरून शेजारीच उभा असतो. त्याला रुमाल हललेला दिसतो, बाकी काही नाही. मी कित्येक वर्षं त्या रुमालाच्या आत हात घालून पोट भरलं. त्या दिवशी सासऱ्यांच्या ओसरीवर मला पहिल्यांदा कळलं, की बाहेर उभं राहणाऱ्याला काय वाटतं. वकिलांचाही एक रुमाल असतो आणि तो लॅटिन नावाच्या मेलेल्या भाषेचा असतो. साडूचा हात आत होता. मी कासरा धरून उभा होतो, आणि बैलही माझा नव्हता.

मग मी अभ्यासाला लागलो. यार्डात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर शोधायचो. चिडून शोधत होतो, पण त्यात जीव रमायला लागला हे मान्य करावं लागेल. निम्म्या शब्दांना तर मी आधीच भेटलो होतो. शाळेत असताना एस.टी.च्या पाससाठी बोनाफाईड आणायला हेडमास्तरांच्या दारात ताटकळलो होतो. त्या दाखल्याचं नाव मला मोसंबी-डाळिंबासारखं एक नाव वाटायचं. त्याचा अर्थ निघाला 'चांगल्या नियतीनं'. माझी नियत चांगली आहे असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून दिलेला आयुष्यातला तेवढा एकच कागद, आणि मी तो डेपोच्या खिडकीत देऊन विसरून गेलो. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू 'स्टेटस को' मिळाला म्हणून पेढे वाटतात, तो शब्दही तिकडचाच. म्हणजे जसं आहे तसं राहू द्या. तारखेला गेला नाही म्हणून एकतर्फी निकाल लागतो, त्याला आमच्याकडे म्हातारी माणसंही 'एक्स पार्टी झालं' म्हणतात. आमची अडाणी माणसं रोज लॅटिन बोलत होती आणि मान मात्र माझा साडू खात होता.

बायको म्हणाली, "अहो, जेवताना तरी त्यो फोन ठिवा. मंतर म्हनल्यासारखं व्हट हलवताय. लोकं म्हनत्याल, ह्येला लागीर झालं."

"त्यातला एक तरी शब्द तुझ्या भावोजींना चुकीचा येत असेल. तो मला सापडायचा आहे."

"मंग सापडू द्या. भात घेऊ का?"

या शोधातच मला कॅव्हेट सापडलं. शब्दाचा मूळ अर्थ सावध राहावं असा. कोर्टात कुणी तुमच्या माघारी अर्ज करून हुकूम घेईल अशी भीती असली, तर तुम्ही आधीच सांगून ठेवायचं की माझं ऐकल्याशिवाय काही करू नका. मला तो शब्द माझ्यासाठीच घडवल्यासारखा वाटला. माझं दुखणं तेवढंच तर होतं. माझं ऐकल्याशिवाय त्या जमिनीचं काही करू नका.

मी तालुक्याच्या कोर्टात गेलो. आवारात टेबल टाकून बसलेल्या एका वकिलाला गाठलं. नगरच्या कुठल्याही वकिलाकडे जाणं शक्य नव्हतं, ते सगळे साडूबरोबर चहा पितात.

"कुणाविरुद्ध टाकायचं?" त्यानं विचारलं.

"सासऱ्यांच्या."

त्यानं पेन खाली ठेवलं. "सासऱ्यांच्या विरुद्ध?"

"विरुद्ध नाही हो. फक्त मला विचारल्याशिवाय काही करू नये."

"त्यालाच विरुद्ध म्हणतात. दावा कोण करणार आहे?"

"कुणी नाही."

"मग भांडण कुणाशी आहे?"

"भांडण नाही. साडू आहे."

वकिलानं पेन परत उचललं. त्याचाही कुणी साडू असावा, कारण पुढं काही न बोलता तो लिहायला लागला. एक प्रत रजिस्टर पोस्टानं सासऱ्यांना जाईल असंही त्यानं सांगितलं. ते मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष शिक्क्याकडे होतं.

त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला होता. अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायणाचा जोडा, म्हणून जावयाचे पाय धुतात, कपडे करतात, तांब्याच्या ताटात पुरणाचे धोंडे आणि दिवा ठेवून त्याच्या हातात देतात. आधी थोरल्याला, मग धाकट्याला. त्या दिवशीही सासूबाईंनी आधी माझेच पाय धुतले. पण तांब्यातलं पाणी माझ्या पायावर आणि मान साडूकडे. "वकीलसाहेब, आमरसात तूप चालंल का वेलदोडा घालू?" नारायणाचा अंगठा कोरडाच राहिला.

ताटावर बसलो आणि मी डाव टाकला.

"वकीलसाहेब, त्या करारात ते इंटर अॅलिया की काय होतं, त्याचा अर्थ काय हो नेमका? मामांनाही कळू द्या."

बाजारातला माझा अनुभव असा, की जो माणूस येताच मोठा शब्द टाकतो, त्याचा बैल कुठंतरी लंगडत असतो. मी तो लंगडलेला पाय शोधत होतो. साडूनं रसाची वाटी खाली ठेवली.

"मामी बाजाराला जाताना मामांना काय सांगतात? 'इतर सामानाबरोबर मीठबी आणा.' त्यातलं 'इतर सामानाबरोबर' म्हणजे इंटर अॅलिया. मिठाचं नाव घेतलं, पण बाकीचं सोडलेलं नाही."

"ह्ये मीठ तरी कुठं आनत्यात," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

"आणि प्रो राटा?"

"सामायिक विहिरीचं पाणी कसं वाटता? ज्याचं क्षेत्र जास्त त्याची पाळी जास्त. हिश्श्याप्रमाणं. झालं प्रो राटा."

सासऱ्यांनी मान डोलावली. मी घास गिळला. "म्युटॅटिस म्युटँडिस?"

"हा अवघड आहे," साडू म्हणाला, आणि मला क्षणभर बरं वाटलं. "थोरलीच्या लग्नाची पत्रिका छापली होती ना, मामा? धाकटीच्या वेळी तुम्ही तीच घेऊन प्रेसवाल्याकडे गेलात. नावं बदला, मुहूर्त बदला, बाकी गणपतीपासून आग्रहाच्या निमंत्रणापर्यंत सगळं तसंच ठेवा. बदलायचं तेवढं बदलून बाकी जसंच्या तसं. एवढंच सांगतात ते दोन शब्द."

"आरं तिच्या," सासरे म्हणाले. "येवढंच व्हय?"

मी शेवटचा टाकला. "प्रायमा फेसी."

साडू माझ्याकडे बघून हसला. "हे मी काय सांगू, हे दादांनीच सांगावं. बाजारात दावणीला बांधलेला बैल लांबून दिसतो तो प्रायमा फेसी. दात बघितले, चालवून बघितला, मग कळतं ते वेगळं."

सासरे मांडीवर हात मारून हसले. माझी बायकोही हसली. बैल माझा, बाजार माझा, दात बघायची अक्कल माझी, आणि वाहवा त्याला. त्यानं माझ्याच दावणीचं जनावर माझ्यासमोर विकलं आणि वर मला 'दादा' म्हणाला. त्याला सगळं येत होतं. एकही पाय लंगडत नव्हता. खोटा निघाला असता तर मी त्याला माफ करून टाकलं असतं.

तेवढ्यात दारात पोस्टमन आला.

सासऱ्यांनी सही करून पाकीट घेतलं, कोर्टाचा शिक्का बघितला आणि नेहमीप्रमाणं साडूपुढं धरलं. साडूनं हात पुसून ते उघडलं, वाचलं, परत घडी घालून गुडघ्याखाली ठेवलं.

"काय हाय?" सासरे म्हणाले.

"काही नाही मामा, जेवणानंतर बघू."

"कोर्टाचं हाय आन् काय न्हाई? सांगा की."

साडू माझ्याकडे बघत नव्हता. फार मेहनतीनं बघत नव्हता. मला ते सहन झालं नाही. "कॅव्हेट आहे," मी म्हणालो. "मी टाकलंय. मला विचारल्याशिवाय जमिनीचं काही करू नये म्हणून."

 आधी मेव्हणीच बोलली. "दाजी, नारायणानं नोटीस धाडल्याचं मी पैल्यांदा बघितलं."

सासरे हसले नाहीत. "पाव्हणं, माझं दार काय बंद हुतं का? पोस्टमनच्या हातनं बोलायला तुमी काय परमुलखात ऱ्हाता?"

"दार उघडं होतं मामा, पण बसायला जागा एकालाच होती." माझा आवाज चढला. "मी थोरला. आयुष्य सौद्यात गेलं माझं. आणि मला काय मिळालं? चहा!"

"च्या न्हाई दिला तरी रागावला असता तुमी," बायको म्हणाली.

साडूनं माझी बाजू घेतली. "मामा, दादांनी काळजीपोटी केलं. त्यात वाईट काही नाही. पद्धत जरा चुकली, एवढंच." त्याचा हा चांगुलपणा मला त्याच्या लॅटिनपेक्षा जड गेला.

मग बायकोनं ताटावरून हात उचलला आणि त्याला सरळ विचारलं, "भावोजी, खरं सांगा. ह्यांच्या ह्या कागदाला काय किंमत हाय का?"

तो घुटमळला. "तसं बघितलं तर... कोर्टात आधी विचारतात, तुम्हाला इथं उभं राहून बोलायचा हक्क काय? त्याला लोकस स्टँडाय म्हणतात. जावयाला सासऱ्याच्या जमिनीत तो नसतो."

"ह्यांना न्हाई?"

"नाही."

"आन् तुमाला?"

 साडू खाली बघून म्हणाला, "मलाही नाही. मीही जावईच. मामांनी सांगितलं म्हणून मी वकील म्हणून कागद बघेन, पण हक्क म्हणाल तर तो मामांचा. आणि त्यांच्यामागं तुम्हा दोघींचा."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. लहानपणी त्या एकाच ताटात जेवायच्या, तेव्हाही अशाच बघत असतील.

"मंग आबा," माझी बायको म्हणाली, "आमीच बसतो की बोलायला."

सासऱ्यांनी एक धोंडा उचलला, तोडला, खाल्ला. "बसा," ते म्हणाले.

त्याआधी दोघी बहिणींनी साडूकडून अख्खा मसुदा मराठीत वाचून घेतला होता. कंपनीची माणसं आली त्या दिवशी ओसरीवर सतरंजी टाकली होती. मधे सासरे, दोन्ही बाजूंना दोन लेकी, समोर कंपनीचा अधिकारी आणि त्यांचा वकील. आम्हा दोघा साडूंना अंगणात लिंबाखाली बाज टाकून दिली होती. आत लागलं तर बोलावतील म्हणून साडूनं काळा कोट मांडीवर घेतला होता. त्याला कुणी बोलावलं नाही, तेव्हा मला जरा गार वाटलं.

बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तिला मी घरात इतक्या सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, मुदत संपली की पुन्ना करार करायचा, त्या कलमात त्ये लग्नपत्रिकेचं शब्द हायेत."

"लग्नपत्रिकेचे?" त्यांचा वकील.

"म्युटॅटिस का काय. बदलायचं तेवढं बदलून बाकी तसंच."

"हो ताई. स्टँडर्ड कलम आहे. फक्त तारखा बदलतील."

"मंग भाडंबी तसंच?"

"म्हणजे... हो, त्यात ठरलेली वाढ धरून तेच चालू राहील."

"धाकटीचं लगीन थोरलीच्या मुहूर्तावर लागत न्हाई, साहेब. मुदत संपंल तवा रस्त्याला जो भाव आसंल त्यो नव्यानं ठरवायचा. तेवढं लिवा, मग बाकी तुमचं तसंच ऱ्हाऊ द्या."

मग शांतता. ती शांतता मी ओळखली. आपलं म्हणणं टाकलं की तोंड मिटायचं. पहिला जो बोलेल तो उतरेल. मी बाजेवरून उठलो. मला आत जाऊन फक्त एक वाक्य बोलायचं होतं, ते चांगलंच झालं असतं. साडूनं माझं मनगट धरलं.

"बसा दादा. त्या बोलतायत."

"ती कुठं बोलतेय? गप्प बसलीय!"

"तेच."

आत कुणीतरी घसा साफ केला. मेव्हणीनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवल्याचा आवाज आला. मग अधिकारी म्हणाला, "ठीक आहे ताई, करतो दुरुस्ती."

साडूचा चेहरा उतरला होता. "मी दोनदा वाचलं हो ते कलम," तो म्हणाला. "दोनदा स्टँडर्ड म्हणालो. मला दिसायला पाहिजे होतं." मी इतके महिने याच क्षणाची वाट बघत होतो. त्याचा लंगडलेला पाय अखेर समोर आला होता. पण त्यानं तो स्वतःच उचलून दाखवला, त्यात मजा ती काय राहिली?

संध्याकाळी सासरे शेजाऱ्यांना सांगत होते, "वकिलांनी पत्रिकेचं असं झकास समजावलं हुतं, म्हनून पोरीच्या ध्यानात आलं." म्हणजे ज्यानं चूक केली त्याचं नाव झालं. गाडीत मी बायकोला म्हणालो, "भाव टाकून गप्प बसायचं कुणाकडून शिकलीस, तेवढं सांगायचं होतंस तुझ्या आबांना."

"तुमच्याकडनं?" ती म्हणाली. "तुमी कवा गप बसलाय?"

ते कॅव्हेट मी मागं घेतलं नाही. मुदत संपली आणि ते आपोआप गेलं. सासऱ्यांनी त्याचा विषय परत काढला नाही, पण मी गेलो की हल्ली ते मुद्दाम विचारतात, "पाव्हणं, च्या घेनार का सरबत?" विचारल्याशिवाय काही करत नाहीत.

करार नोंदवायला आम्ही सगळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. सासऱ्यांची सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. दोघी लेकींनी संमती म्हणून सह्या केल्या. मग तिथला माणूस म्हणाला, "साक्षीदार दोन कोण?"

बोलायचा हक्क नसलेल्याला सही करायचा हक्क असतो, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघंही पुढं झालो. साडूनं खिशातून शाईचं पेन काढलं होतं, टोपण उघडून तयार. टेबलावरचा कागद त्याच्या बाजूला वळलेला होता. त्यावर दोन रेघा होत्या, एक वर, एक खाली.

"दादा, करा तुम्ही," तो म्हणाला आणि पेन माझ्यापुढं धरलं.

मी त्याचं पेन घेतलं नाही. टेबलाला दोऱ्यानं बांधलेलं होतं ते घेतलं, वरच्या रेघेवर हात ठेवला आणि माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, पूर्ण, मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं. वेलांट्या जरा खाली उतरल्या. साडूला आपली इंग्रजी सही खालच्या रेघेवर तिरकी, बारीक करून बसवावी लागली. बायको मागून म्हणाली, "अहो, सरका आता, त्यांना हात टेकू द्या की."

मी सरकलो, पण सावकाश.